सही का केली नाही: उत्तर व्हर्जिनियातल्या मराठी पालकांना खुलं पत्र

उत्तर व्हर्जिनियातल्या माझ्या सगळ्या मराठी पालक मित्र-मैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी रात्री आपल्या ग्रुपवर एक निवेदन आलं. थॉमस जेफरसन हायस्कूल, म्हणजे आपल्या बोलण्यातलं टीजे, ही निवडक मुलांना घेणारी गणित-विज्ञानाची सरकारी शाळा. तिची जुनी प्रवेशपरीक्षा परत आणा, अशी फेअरफॅक्स काउंटीच्या स्कूल बोर्डाकडे मागणी. सोमवारी सकाळचा चहा होईपर्यंत त्याखाली साठेक नावं होती आणि त्यातली निम्मी माणसं माझ्या घरी जेवून गेलेली आहेत. संध्याकाळी एकीचा फोन आला, "ताई, तुझं नाव कसं दिसत नाही? लिंक उघडत नाहीये का?"

लिंक उघडते. मी निवेदन दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा लावून. सही केली नाही आणि करणारही नाही. ग्रुपवर कारण लिहिलं असतं तर दहा मिनिटांत त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येऊन पडला असता, म्हणून हे पत्र.

आधी माझ्या घरचं सांगते, नाहीतर "हिला काय, हिच्या मुलीचं झालं की" असं कुणीतरी म्हणेलच. झालं, खरं आहे. थोरली २०१९ साली जुन्या परीक्षेतून टीजेला लागली. धाकट्याने २०२१ मध्ये नव्या पद्धतीत अर्ज केला, त्याचं झालं नाही. नव्या नियमांनी ज्या घरांचं नुकसान झालं असं निवेदन म्हणतं, त्यांत माझंही घर मोजता येईल.

थोरलीचं कसं झालं तेही सांगते, कारण निवेदनात "केवळ गुणवत्तेवर" हे शब्द तीनदा आलेत. सहावीच्या उन्हाळ्यापासून दर शनिवारी सकाळी क्लास. मागच्या सीटवर पोळीचा रोल खात ती शब्दांचे अर्थ पाठ करायची आणि तिचा बाबा पार्किंगमध्ये लॅपटॉप उघडून बसायचा. आठवीच्या आधीच्या सुट्टीत वेगळा 'बूट कॅम्प'. त्या सगळ्या फीचा हिशेब मी मुद्दामच ठेवला नाही, पण तेवढ्यात चौघं कोल्हापूरला जाऊन आलो असतो. त्या वेळी परीक्षेत क्वांट-क्यू नावाचा गणिताचा भाग होता. काउंटीने तो निवडला होता तोच मुळी त्याची तयारी करून घेता येत नाही म्हणून. त्याचे नमुना प्रश्न बाजारात मिळत नसत आणि पेपरातलं बाहेर सांगणार नाही असं मुलांकडून वदवून घेत. पण आमच्या क्लासमध्ये आदल्या वर्षी बसून आलेल्या मुलांना "आठवतं तेवढं सांगा" म्हणून बोलावलं होतं, हे आम्हा सगळ्या आयांना ठाऊक होतं. परीक्षेहून आल्यावर लेक गाडीत बसली आणि म्हणाली, "आई, काही काही प्रश्न ओळखीचे होते गं."

मी म्हणाले, "छान."

तेवढंच. दहावीला 'अपेक्षित' उशाशी घेऊन झोपलेली मी, मला त्यात वावगं काय वाटणार? वाईट वाटायला पुढे दीडेक वर्ष लागलं. २०२० साली टीजेचा निकाल लागल्यावर एका क्लासने आपल्याकडून लागलेल्या मुलांची यादी अभिमानाने झळकवली. शंभराहून जास्त नावं, आणि त्या वर्षी एकूण जागा दिल्या होत्या ४८६. यादीतली बहुतेक सगळी नावं आपल्यासारखीच. ती बघताना मला लातूरच्या चौकातले फ्लेक्स आठवले, निकालानंतर लागतात ते, पासपोर्ट साइझ फोटोंच्या रांगा आणि मध्यभागी सरांचा मोठा फोटो. चार मुलांत एकाहून जास्त जर एकाच क्लासातून जात असेल, तर ती परीक्षा नक्की काय मोजत होती?

आता त्याच वर्षीचा दुसरा आकडा. ४८६ पैकी ७३ टक्के मुलं आशियाई वंशाची, हिस्पॅनिक १६, आणि कृष्णवर्णीय किती? तो आकडा काउंटीने छापलाच नाही. दहाच्या आत संख्या असली की मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून ती झाकतात, असा नियम आहे. साधारण दहातलं एक मूल कृष्णवर्णीय आणि चारातलं एक हिस्पॅनिक असलेली ही काउंटी, आणि तिच्या सर्वांत नावाजलेल्या सरकारी शाळेच्या नव्या वर्गात कृष्णवर्णीय मुलं इतकी कमी की आकडा झाकावा लागला. शाळेत फुकट किंवा सवलतीत जेवण मिळणाऱ्या, म्हणजे गरीब घरच्या मुलांचं प्रमाण त्या निवडीत एक टक्काही नव्हतं. थोरलीच्या कॅल्क्युलसच्या वर्गात अनन्या नावाच्या तीन मुली होत्या, कृष्णवर्णीय मुलगा किंवा मुलगी एकही नव्हती. हे तिने मला सांगितलं ते गंमत म्हणून, आणि मी हसलेही.

निवेदन म्हणतं की २०२० नंतर "वंशाच्या आधारावर कोटा" आला. हे धादांत खोटं आहे, आणि ज्यांनी मसुदा केला त्यांना ते माहीत असणार, कारण ते माझ्यापेक्षा जास्त वाचतात. ऑक्टोबर आणि डिसेंबर २०२० मध्ये बोर्डाने जे ठरवलं ते असं: परीक्षा बंद, शंभर डॉलरची अर्जफी बंद, वर्ग ५५० चा. प्रत्येक सरकारी मिडल स्कूलमधल्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा त्या शाळेतल्या मुलांसाठी राखीव आणि उरलेल्या शंभरेक जागा सगळ्यांना खुल्या. साडेतीनचा जीपीए, म्हणजे शाळेतल्या गुणांची सरासरी, हवा, आठवीत निदान अल्जिब्रा वन, म्हणजे बीजगणिताचा पहिला कोर्स, हवा. मग मुलाने स्वतःबद्दल लिहिलेला कागद, म्हणजे पोर्ट्रेट शीट, आणि एक गणित-विज्ञानाचा निबंध. त्याखेरीज घरची गरिबी, इंग्रजी नव्याने शिकत असणं, विशेष शिक्षणाची गरज, किंवा जिथून फारसं कुणी लागत नाही अशी शाळा, यांचे जास्तीचे गुण. तपासणाऱ्यासमोर मुलाचं नाव नसतं, वंश नसतो, मुलगा की मुलगी हेही नसतं. क्रमांक असतो.

यातून २०२१ साली काय निघालं? कृष्णवर्णीय मुलं सात टक्क्यांवर आली, हिस्पॅनिक अकरा टक्क्यांवर, गरीब घरची मुलं तर थेट पंचवीस टक्क्यांवर. आशियाई मुलं ७३ वरून ५४ टक्क्यांवर. याच ५४ वर आपण सगळे छाती पिटतोय. पण अर्ज करणाऱ्यांत आशियाई मुलं ४८-४९ टक्के होती. जितक्यांनी मागितलं त्या प्रमाणापेक्षा त्यांना अजूनही जास्तच मिळालं.

आणखी एक आकडा आहे, तो ग्रुपवर कुणीच टाकत नाही. नव्या पद्धतीविरुद्ध काही पालकांनी खटला केला होता. मे २०२३ मध्ये चौथ्या सर्किटच्या अपील कोर्टाने बोर्डाच्या बाजूने जो निकाल दिला, त्यात तो आहे. गरीब घरातली किती आशियाई मुलं टीजेला लागली? २०२० मध्ये एक. २०२१ मध्ये एक्कावन्न.

एक! मी ते वाक्य पुन्हा वाचलं. आपण 'आशियाई' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कोण असतं? आपण. हर्नडन, ॲशबर्न, चँटिली. दोघंही आयटीत, ग्रीन कार्डच्या रांगेत असलो तरी घरात पुस्तकांचं कपाट आणि शनिवारी क्लासला सोडायला गाडी. फॉल्स चर्चच्या ईडन सेंटरमध्ये आपण फो खायला जातो, तिथे मागे भांडी घासणाऱ्या व्हिएतनामी बाईचं मूलही त्याच 'आशियाई' रकान्यात बसतं. आपले ७३ टक्के मोजताना ते मोजलं गेलं नव्हतं, कारण ते आत कधी पोचलंच नव्हतं. "आशियाई मुलांवर अन्याय" म्हणून निवेदनात त्याचं नाव वापरायचं असेल तर निदान त्याच्या आईला तरी विचारा.

आता माझी दुसरी बाजू. मी काही बोर्डाची प्रवक्ती नाही. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाने खून केला, त्यानंतर जून २०२० मध्ये, टीजेच्या मुख्याध्यापिकेने पालकांना पत्र लिहिलं होतं. शाळेत काउंटीच्या प्रमाणात मुलं असती तर १८० कृष्णवर्णीय आणि ४६० हिस्पॅनिक मुलं असती, त्यांनी बावीसेक वर्ग भरले असते, आणि आपापल्या सवलतींचा जरा विचार करा, असा त्याचा सूर. आकडे बरोबर होते. पण आपल्या मुलांनी कुणाच्या तरी खुर्च्या अडवून ठेवल्यात, असा त्याचा अर्थ घराघरात लावला गेला. माझी लेक तेव्हा नववी संपवून घरात कोंडलेली होती. ते पत्र वाचून ती दोन दिवस बोलली नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांनी काय गुन्हा केला होता? शनिवार क्लासचे होते, पण गणितं तिनेच सोडवली होती. पुढे कोर्टात बोर्डाच्या सदस्यांचे आपापसातले मेसेज उघड झाले, त्यात या सगळ्याला आशियाईविरोधी वास येतोय हे त्यांनीच एकमेकींना लिहिलं होतं, वर हसण्याची खूण. महासाथीच्या काळात, झूमवर, घाईघाईत एवढा मोठा बदल केला, लोकांना नीट बोलू दिलं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाच्या न्यायाधीशांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला तो काही हवेतून दिला नव्हता. वरच्या कोर्टाने तो फिरवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला, दोन न्यायमूर्तींच्या कडक असहमतीसह. मे २०२५ पासून केंद्राच्या शिक्षण खात्याची चौकशी मागे लागलीय. म्हणजे आग अजून विझलेली नाही, आणि आपलं निवेदन त्यात तेल ओततंय.

परीक्षा पूर्णपणे काढून टाकली हेही मला पटलेलं नाही. निबंधाचेही क्लास निघालेच, पोर्ट्रेट शीट कसं लिहायचं ते पैसे घेऊन शिकवतात. धाकट्याच्या कागदावर मी स्वतः तीनदा हात फिरवला. (लागला नाही तो माझ्या इंग्रजीमुळे, असं तो अजून म्हणतो.) सगळ्या शाळांत, शाळेच्याच वेळात, फुकट, सगळ्या मुलांनी द्यायची एखादी चाचणी आणि तिचा थोडासा वाटा, एवढ्याला माझा पाठिंबा आहे. पण निवेदनाची मागणी ती नाही. त्यांना जुनीच परीक्षा हवी.

निवेदनात न्यूयॉर्कचा दाखला दिलाय, "तिथे बघा, परीक्षा अजून आहे". हो, आहे. १९७१ च्या राज्याच्या कायद्यानेच ती बांधून ठेवलीय. स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक या तिथल्या नावाजलेल्या सरकारी हायस्कुलांना एकाच तीन तासांच्या परीक्षेवर प्रवेश, बाकी काही बघायचं नाही. २०१८ मध्ये महापौर डी ब्लासिओ यांनी ती काढून प्रत्येक मिडल स्कूलमधल्या वरच्या सात टक्के मुलांना जागा द्यायचं म्हटलं, ते अल्बनीत, म्हणजे राज्याच्या विधिमंडळात, बारगळलं. २०२५ मध्ये स्टायव्हेसंटने ७८१ मुलांना जागा दिल्या, त्यात कृष्णवर्णीय आठ. दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा. पण न्यूयॉर्कचं टीजेसारखं नाही हेही खरं. माझी मामेबहीण क्वीन्सला राहते, ती सांगते की तिच्या इमारतीतल्या टॅक्सी चालवणाऱ्या बांगलादेशी बापाची मुलगी तिकडे लागली. स्टायव्हेसंटमधली निम्म्याच्या आसपास मुलं गरीब घरची असतात. तिथल्या चिनी आणि बांगलादेशी आईबापांचा राग मी समजू शकते. त्यांच्याकडे त्या एका दाराखेरीज दुसरं दार नाही. आपल्याकडे दारंच दारं आहेत. चँटिलीचं किंवा ओकटनचं साधं हायस्कूलसुद्धा देशातल्या बहुतेक शाळांहून चांगलं आहे.

न्यूयॉर्कची एक गोष्ट मात्र मला विचारात पाडते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिन टेकमधली जवळपास निम्मी मुलं कृष्णवर्णीय होती. परीक्षा तेव्हाही होतीच. मग मुलं बदलली की खालचा जिना तुटला? त्यांच्या वस्त्यांतल्या शाळांमधले हुशार मुलांचे वेगळे वर्ग हळूहळू बंद झाले, चांगल्या मिडल स्कूल इतरांनी भरल्या, हुशार कृष्णवर्णीय मुलांना खासगी शाळा शिष्यवृत्त्या देऊन उचलू लागल्या, आणि दुसरीकडे क्लासचा धंदा फोफावला. कागद तोच, त्याच्यापर्यंत पोचायची वाट निराळी.

आपल्याकडचा जिना कुठे सुरू होतो ते तुम्हाला सांगायला नको. एएपी, म्हणजे काउंटीच्या शाळांतले हुशार मुलांचे वेगळे वर्ग. त्यासाठी पहिली-दुसरीत एनएनएटी, कॉगॅट या बुद्धिचाचण्या. सात वर्षांचं पोर, समोर आकृत्या, पुढची कुठली ते सांग. आपण ॲमेझॉनवरून त्याची पुस्तकं मागवतो. नाही लागलं तर खासगी मानसशास्त्रज्ञाकडे नेऊन पैसे भरून आयक्यू चाचणी करवतो आणि तो कागद जोडून अपील करतो. मी केलंय, धाकट्याच्या वेळी. लागलाही. तिसरीपासून एएपी म्हणजे सहावी-सातवीत पुढचं गणित, म्हणजे आठवीत अल्जिब्रा तर झालंच, वर भूमिती. टीजेची परीक्षा आठवीत असायची असं आपण म्हणतो. खरी परीक्षा सातव्या वर्षी असते आणि तिची तारीखच ज्या आईला माहीत नसते, तिचं मूल तिथेच मागे पडतं. रात्रपाळीत ऑफिसं झाडणाऱ्या एल साल्वादोरच्या बाईला कॉगॅट कुणी सांगायचं?

मोझेकला सिनेमाला जाता तेव्हा जवळच लूथर जॅक्सन मिडल स्कूल आहे. आपल्यातल्या काहींची मुलं तिथे जातात. ती इमारत १९५४ मध्ये हायस्कूल म्हणून उघडली, फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी. त्याआधी या काउंटीत त्यांच्यासाठी हायस्कूलच नव्हतं. शिकायचं तर मनासस किंवा वॉशिंग्टन गाठायचं. ज्या वर्षी ते उघडलं त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, आणि त्या खटल्याचा एक धागा इथलाच होता, फार्मव्हिलच्या सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने १९५१ मध्ये आपल्या शाळेत घडवलेल्या संपाचा. निकाल लागल्यावर व्हर्जिनियाने काय केलं? प्रिन्स एडवर्ड काउंटीने गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र बसवण्यापेक्षा १९५९ ते १९६४ सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं. पाच वर्षं. गोऱ्यांची मुलं खासगी शाळेत गेली, काळ्यांची घरी बसली. त्या वेळी सहा वर्षांची असलेली बाई आज सत्तरी ओलांडलेली आजी आहे. हा काही शिलालेखातला इतिहास नव्हे, ती तुमच्यामागे वेगमन्सच्या रांगेत उभी असेल. आणि आपल्याला इथे येता आलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे, जो त्याच हक्कांच्या चळवळीच्या वाऱ्यावर मंजूर झाला. त्याआधी भारताचा कोटा वर्षाला शंभर माणसांचा होता.

आता घरचं, म्हणजे कोल्हापूरचं.

माझे आजोबा कागल तालुक्यातल्या खेड्यातून चौथी होऊन कोल्हापूरला आले. शाहू महाराज जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. दसरा चौकाजवळच्या एका बोर्डिंगात त्यांना जागा मिळाली. तुम्ही कोल्हापूरला गेलात की अंबाबाईचं दर्शन आणि तांबडा-पांढरा उरकून येता, पण त्या चौकाच्या आसपास पायी फिरा कधीतरी. मराठ्यांचं बोर्डिंग, जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, एकेका समाजाच्या पोरांना शहरात राहून शिकता यावं म्हणून महाराजांनी १९०१ पासून उभी केली, कुठे जागा दिली, कुठे पैसे. २६ जुलै १९०२ चा हुकूम आपल्याला पाठ असतो, रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना. बोर्डिंगांचं फारसं कुणी बोलत नाही. आजोबांना गणित चांगलंच येत होतं, कोल्हापुरात पाठ टेकायला जागा नव्हती एवढीच अडचण. ती मिळाली, ते मास्तर झाले. मास्तरांचा मुलगा वीज मंडळात इंजिनिअर झाला, इंजिनिअरची मुलगी कॉम्प्युटरला गेली आणि तिच्या मुलीला टीजे मिळालं. "केवळ गुणवत्तेवर". त्या काळीही कोल्हापुरात शिकलेली माणसं होतीच, तीही म्हणत होती की लायकी बघा, जात काय बघता. दर २६ जूनला आपण ग्रुपवर महाराजांचा फोटो टाकून विनम्र अभिवादन लिहितो. मग हे निवेदन लिहिताना आपण नेमक्या कुणाच्या ओसरीवर जाऊन बसलो?

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे मांडलं त्याचा गाभा हाच की सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या थोड्यांसाठी. टीजे आपल्या कुणाच्या खासगी मालकीचं नाही. काउंटीच्या करातून चालतं, साल्वादोरच्या त्या बाईच्या भाड्यातूनही तिचा घरमालक तो कर भरतो.

एक जाता जाता. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे निवेदन देतायत असं त्यांनी वाचलं होतं, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या, अस्पृश्यांसाठी तसंच काही करता येईल का म्हणून. आपल्या माणसांनी या देशातलं एखादं निवेदन मागवून वाचण्याचा तोही एक प्रसंग.

"मग आमच्या मुलांनी काय करायचं?" हा प्रश्न मला फोनवर आलाच. माझ्या धाकट्याचं सांगते. निकालाचा ईमेल आला, तो खोलीत गेला, दार लावलं. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. दोन दिवस जेवला नाही नीट. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू, आणि पहिला विचार मनात आला तो हाच की कुणाला तरी आमची जागा मिळाली. 'आमची'. तो शब्द मनात आला तेव्हाच मी जरा थबकले. मग तो आपल्या नेहमीच्या हायस्कूलला गेला, रोबॉटिक्समध्ये रमला, आता कॉलेजात आहे. त्याचं फार बिघडलं असं मला काही दिसत नाही.

मी माझं वेगळं एक पानी निवेदन लिहिलंय. जुनी परीक्षा मागण्याऐवजी ते म्हणतं की प्रत्येक मिडल स्कूलमध्ये सातवीत अल्जिब्राची तयारी आणि आठवीत अल्जिब्रा मागणाऱ्या प्रत्येक मुलाला जागा हवी, मग ती शाळा कुठल्याही वस्तीत असो. एएपीच्या अपिलात विकत आणलेल्या आयक्यू चाचण्या घेऊ नका. चाचणी आणायचीच तर सगळ्यांना, शाळेच्या वेळात आणि फुकट. टीजेचे आकडे छापताना 'आशियाई' हा एकच रकाना नको, त्यात कुठली मुलं आणि कुठल्या शाळांतून, तेही छापा, म्हणजे आपल्या दुःखाचं माप आपल्यालाही कळेल. आणि दीड टक्क्याचा नियम राहू द्या. एएपीचं कलम लिहिताना हात जड झाला, मी स्वतः तो कागद विकत घेतलेला आहे. पण ते ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे या. पिठलं-भाकरी करतेय. ज्यांनी दुसऱ्या निवेदनावर सही केलीय त्यांनी तर याच, भांडायला माणूस हवाच. मसुदा छापून ठेवलाय. धाकटा सुट्टीवर घरी आलाय, त्याने त्यातलं माझं इंग्रजी दुरुस्त केलं आणि एका ठिकाणी टक्केवारी चुकली होती तीही.

तुमची,
हर्नडनमधली एक कोल्हापूरकर आई